पासिंगचा साज

२१ मार्च २०२०

आज गाडीला साज चढवला. मंगळवारी पासिंग आहे.

आधी या डायरीचं सांगतो. किल्ला बघायला आलेल्या पुण्याच्या एका मास्तरांनी जाताना ही माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "रामकिसनराव, तुम्ही गप्पा छान मारता, त्या लिहून ठेवत जा." आता या रोगामुळं किल्ला बंद, प्रवासी बंद, दौलताबादच्या स्टँडवर आमच्या आठ काळ्यापिवळ्या जीपा नुसत्या धूळ खात उभ्या. गप्पा मारायला माणूस मिळेना, म्हणून लिहितोय.

साज म्हणजे काय ते मास्तरांना कळायचं नाही. गाडीचं पासिंग असतं. आरटीओच्या मैदानावर साहेब गाडी तपासतो आणि ठीक वाटली तर पुढं चालवायचा कागद देतो. त्या दिवशी टायर चांगले लागतात. आमच्या गाड्यांचे टायर माझ्या डोक्यासारखे, एक केस नाही. म्हणून स्टँडवाल्यांनी मिळून चार कोरे टायर घेतले, मधल्या लोखंडी डिस्कांसकट. नट खोलले की निघतात, आवळले की बसतात. सोबत आग विझवायची लाल बाटली, औषधाची पेटी आणि वायपरची जोडी. हा आमचा साज. ज्याचं पासिंग त्यानं चढवायचा, मैदानावरून सरळ माझ्या घरी यायचं आणि दिवस मावळायच्या आत उतरवून द्यायचा. त्याच्यावर एक सवारी भरायची नाही. पहिल्याच वर्षी एका दीडशहाण्यानं साजावर मेव्हण्याचं लग्न उरकलं. तेव्हा मी आठही जणांना खुलताबादला भद्रा मारुतीपुढं उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. साज माझ्या घरी असतो, कारण दुसऱ्या कुणावर भरोसा ठेवावा असं स्टँडवर कुणी नाही. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात.

मी गाडीखाली आडवा होऊन नट आवळत होतो, तर माझी बायको साळूबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "नवरीगत सजवता, अन् मांडवातून घरी आणली की अंगावरचं सगळं काढून घेता. गाडीला काय वाटत असंल?"

मी म्हटलं, "गाडीला वाटायला तू हायेस ना."

टायर मात्र दिसतात झकास. नक्षी अजून नखभर झिजलेली नाही.

२४ मार्च

पासिंग नाही. आरटीओ बंद. रात्री बारापासून सगळा देशच बंद होणार म्हणे. टीव्हीवर ऐकलं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो कागदाचा. एकतीसला संपतो. एकदा मुदत गेली की दंड, आणि मध्ये काही झालं तर विमावाला हात वर करणार. वीस वर्षांत माझ्या कागदाची मुदत एकदाही गेली नाही. स्टँडवर लोक मला "तारीख" म्हणून चिडवतात, चिडवू देत.

साळूबाई म्हणते, "जग बंद पडलं अन् तुम्हाला पासिंगचं पडलं."

पडलं तर पडलं. ज्याची गाडी त्याला काळजी.

३१ मार्च

कडुबाचा फोन. कडुबा म्हणजे स्टँडवर माझ्या मागं नंबर लावणारा, वयानं बराच लहान, मला भाऊ म्हणतो. "भाऊ, पेढे वाटा! मुदत वाढली. सगळ्यांचे कागद जूनअखेरपर्यंत चालणार." मी म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाला, मोबाईलवर आलंय. मोबाईलवर काय, काल गोमूत्राचंही आलं होतं. पण रात्री बातम्यांतही सांगितलं. म्हणजे खरं.

बरं वाटायला पाहिजे होतं, तसं वाटलं नाही. गाडी कुणी बघितली नाही, तपासली नाही आणि ठीक आहे म्हणून सांगून टाकलं. लेकराला न बघताच पास केल्यासारखं झालं.

असो. जूनपर्यंत साज उन्हात कशाला ठेवायचा? टायर तडकतात, आणि उभ्या गाडीच्या वजनानं एका जागी चपटे होतात. आज चारही उतरवले, जुने चढवले. साज आतल्या खोलीत ज्वारीच्या कोठीपाशी एकावर एक रचला. साळूबाईनं तिचं जुनं हिरवं लुगडं दिलं झाकायला. रॉकेलच्या फडक्यानं टायर पुसले पण तिनंच. तोंड वाजवते, पण काम कसं लख्ख करते.

१० जून

मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली.

साळूबाईला टायरच्या चळतीवर बसून ज्वारी निवडायची सवय लागली आहे. मी रागावलो. म्हणाली, "घरात एवढी एकच बसायची जागा उंचीला बरोबर हाय. माझे गुडघे विचारा." पाट घे म्हटलं. घेतला नाही.

२६ ऑगस्ट

डिसेंबरपर्यंत. आता मी फोन आला की आधीच सांगतो, माहिती आहे, माहिती आहे.

अधूनमधून पडेगावपर्यंत भाजीवाल्यांच्या फेऱ्या मिळतात. सीताफळांचा हंगाम तोंडावर आलाय, पण किल्ल्याच्या दारात विकायला बसून उपयोग काय? साळूबाई दरवर्षी तिथं टोपली लावते. या वर्षी घरीच बसून म्हणते, "झाडाला काय ठावं लॉकडाऊन."

९ नोव्हेंबर

आज कडुबाशी वाजलं.

त्याला त्याच्या आईला घेऊन जालन्याला जायचं होतं, डोळ्याच्या ऑपरेशनला. म्हणाला, "भाऊ, दोनच टायर द्या. मागचे. आई गाडीत असणार, जिवाला घोर नको. आल्या आल्या उतरवून देतो."

मी म्हटलं, "शपथ विसरला का?"

"भाऊ, पासिंग तर कुणाचंच नाय. साज पडूनच हाय."

"पडून आहे म्हणून वापरायचा का? उद्या दुसरा येईल, त्याची मावशी आजारी असेल. परवा तिसरा. मग आरटीओ उघडल्यावर काय चढवशील, तुझं तोंड?" आवाज जरा चढलाच माझा. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून बघायला लागले. कडुबा मान खाली घालून गेला.

साळूबाई आतून ऐकत होती. जेवताना वाढलं आणि समोर बसून राहिली. म्हणाली, "म्हातारी बाई व्हती. द्यायला पायजे व्हते."

मी म्हटलं, "नियम माझ्या घरात मोडला तर स्टँडवर कोण पाळील?"

"टायर चालवायलाच असत्यात ना?"

"हे पासिंगचे आहेत," मी म्हटलं. बायकांना गाडीतलं समजत नाही.

१२ नोव्हेंबर

कडुबा आईला घेऊन नीट परत आला. जुन्याच टायरवर. त्याला स्टँडवर सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं का वाटेत?" नाही म्हणाला. बघा, म्हटलं. चांगला चालवणारा असला की टायर टिकतो.

तो हसला. मनात धरणारा नाही पोरगा.

२९ डिसेंबर

मुदत आता मार्चअखेरपर्यंत. किल्ला उघडलाय, थोडे प्रवासी येतात, तोंडाला फडकी बांधून. मी त्यांना सांगतो, हा किल्ला कुणाला लढून घेता आला नाही. ते विचारतात, गाडी सॅनिटाईज केली का?

मागचा उजवा टायर गुळगुळीत झाला आहे. स्टेपनीची तर गोष्टच सोडा. बघू, पासिंगच्या वेळी बघू.

१९ फेब्रुवारी २०२१

मागच्या उजव्या टायरला एका जागी आतलं सूत दिसायला लागलं. बोटानं चाचपून बघितलं. पूर्वी असं झालं असतं तर महिन्या-दोन महिन्यांत पासिंग आलंच असतं आणि त्या धाकानं काहीतरी केलं असतं. आता धाकच नाही. मी मनाशी म्हटलं, मार्चअखेर आरटीओ उघडेल, तेव्हा एकदाच जुन्यातले बरे दोन टायर शोधू.

सायली आली होती. आमची एकुलती एक लेक, बिडकीनला दिली आहे. जावई इंद्रजीत तिकडं औषधाच्या दुकानात असतो. आल्या आल्या आईच्या जागेवर बसली, म्हणजे साजावर. मी डोळे वटारले तर दोघी मायलेकी हसत सुटल्या. सायली म्हणाली, "दादा, मला लग्नात पण एवढं जपलं नव्हतं." साळूबाई म्हणाली, "तुला लुगडं तरी कुठं घातलं व्हतं माझं?"

चेष्टा करा. पासिंगच्या दिवशी कळेल.

२७ मार्च

जूनअखेरपर्यंत.

यावेळी कडुबानंसुद्धा फोन केला नाही. त्याच्या शेजारच्या घरात दोन माणसं गेली. शहरात सगळीकडं तेच चाललंय. स्टँड पुन्हा बंद. माझ्या कागदावरची मुदत संपून वर्ष होत आलं आणि तरी गाडी कायद्यानं ठणठणीत आहे. असं काही माणसाच्या बाबतीत करता आलं असतं तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल

काल पाडवा. साळूबाईनं गुढी उभारली, पुरण केलं आणि संध्याकाळी अंगावर गोधडी घेऊन पडली. ऊन लागलं म्हणते. मी काढा करून दिला. तोंड वाकडं करून प्याली आणि म्हणाली, "यापेक्षा रोग बरा."

१६ एप्रिल

ऊन नाही. तोच आहे. आशाताईंनी बोटाला यंत्र लावून आकडा बघितला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणाल्या, दवाखान्यात न्या, ऑक्सिजन लागेल.

मला काहीच होत नाही. मला का नाही झालं? मी बाहेर हिंडतो, मी आणला असणार. ती तर घरातच होती.

१७ एप्रिल

दिवसभर फोन. शहरात कुठंच बेड नाही. एकानं सांगितलं नंबर लावून ठेवा, एकानं फोन उचलून बाजूला ठेवून दिला, मागं नुसती माणसं ओरडताना ऐकू येत होती. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, बेड सांगा, मग येतो.

साळूबाई एक वाक्य तीन वेळा थांबून बोलते. आयुष्यभर या बाईचं तोंड बंद करायला बघितलं मी. आता वाटतं, बोल गं बाई, दोन शिव्या दे.

मला फार भीती वाटते.

१८ एप्रिल

बेड मिळाला! इंद्रजीतनं बिडकीनच्या एका दवाखान्यात डॉक्टरांचे पाय धरले. आज एक जण घरी जातोय, त्याची जागा. चारपर्यंत धरून ठेवतो म्हणाले, त्यानंतर नाही, बाहेर रांग आहे. आमचीच गाडी आहे, अॅम्ब्युलन्सची वाट कशाला बघायची? जागा दुपारीच रिकामी होणार, म्हणून दीडला निघायचं. शहर ओलांडून पैठण रस्त्याला लागलो की बिडकीन. आरामात पोचतो.

मारुतीराया, एवढं पार पाड. पायी येईन.

१९ एप्रिल

साळूबाई गेली.

२५ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण घरात आवाज नाही, निदान पेनाचा तरी होतो.

त्या दिवशी निघताना मी तिला चपला घालायला साजावर बसवलं. तिची सवयीची जागा. खाली वाकताना धाप लागली म्हणून मीच तिच्या पायात चपला घातल्या. तिनं बसल्या बसल्या लुगड्याचा कोपरा उचलला, टायरवर हात ठेवला आणि विचारलं, "चढवता का?"

अर्ध्या तासाचं काम होतं. वेळ होता. हे मला माहीत आहे, कुणी सांगायला नको. पण कडुबा त्याच्या आईसाठी आला होता तेव्हा मी चारचौघांत त्याची अब्रू काढली. आता माझी बायको आजारी पडली म्हणून मी चढवले असते, तर उद्या स्टँडवर कोणत्या तोंडानं उभा राहिलो असतो? मी तिला तसंच म्हटलं. "कडुबाला नाही दिले, आता स्वतःसाठी कसे घेऊ?"

तिनं हात काढला. लुगडं नीट केलं. म्हणाली, "व्हय. राहू द्या. तुमचं नाव जाईल."

तिला पटलं होतं. मी सक्ती केली नाही.

नगर नाक्यावर पोलिसांनी अडवलं. कागद मागितले. मुदत संपलेली दिसली तशी हवालदार बघायला लागला, मी मुदतवाढीचं छापील पान दाखवलं. मागं साळूबाईकडं बघून म्हणाला, "जा बाबा, कागद बरोबर आहेत, जा लवकर."

पैठण रस्त्यावर, बिडकीनच्या अलीकडं टायर फुटला. मागचा उजवा. आवाज एवढा मोठा की मला वाटलं कुणी गोळी झाडली. गाडी हलली पण मी सांभाळली. उतरून बघितलं तर टायरच्या चिंध्या. तिला लिंबाच्या सावलीत बसवलं. स्टेपनी काढली, जॅक लावला. डांबर इतकं तापलेलं की जॅक रुतायचा, गाडी उचलायची आणि परत बसायची. शेवटी दगड शोधून आणले. येणाऱ्या गाड्यांना हात करत होतो. एक टेम्पोवाला थांबला, तिच्याकडं बघितलं, तोंडावरचं फडकं वर ओढलं आणि गेला. त्याला तरी काय म्हणू? मीसुद्धा गेलो असतो.

स्टेपनी चढवली आणि थोडं पुढं गेलो तर तिच्यातली हवा बसायला लागली. मग चालण्याच्या वेगानं नेली. सायलीचे फोनवर फोन येत होते, "दादा, कुठवर आलात? दादा, ते थांबत नाहीत." साळूबाई मागून म्हणत होती, "हळू... हळू चालवा." तिला वाटलं मी घाबरलोय.

पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. त्या बेडवर एक तरुण मुलगा होता. त्याची आई माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. साळूबाईला व्हरांड्यात स्ट्रेचरवर ठेवली. ऑक्सिजन आला तो पहाटे. ती त्याच्या आधी गेली.

अंगावरचं प्लास्टिक उघडून तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

ऊन फार होतं त्या दिवशी. एवढ्या उन्हात नवा टायरसुद्धा फुटतो.

२ मे

तेरावं फोनवरच झालं. कुणी यायचं नाही. सायली बिडकीनहून येऊन दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी झाडताना आतल्या खोलीत बराच वेळ काही आवाज येईना, म्हणून मी गेलो. ती साजासमोर उभी होती. लुगडं बाजूला केलेलं.

"दादा," म्हणाली, "घरात चार नवे टायर होते."

मी म्हटलं, "ते पासिंगचे आहेत."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू माझ्याच पोटची असून मला ओळखत नसावी. मग लुगडं आईसारखं चारी बाजूंनी खोचलं आणि पिशवी भरायला घेतली. मी म्हटलं, अजून दोन दिवस राहा. म्हणाली, इंद्रजीतला जेवणाचं बघायला हवं. बसस्टॉपपर्यंत सोबत येतो म्हटलं, तर एकटी जाईन म्हणाली.

९ मे

सायलीला फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

१८ जून

मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली. बातमी ऐकली आणि मी एकटाच मोठ्यांदा हसलो. तीन चाकांवर टेकलेली गाडी दारात उभी आहे आणि कायद्यानं ठणठणीत आहे.

रडू आलं मग. तिच्यासाठीच आलं, गाडीसाठी नाही.

४ ऑगस्ट

स्टँडवर गेलो होतो. गाडी न घेता. सगळे उभे राहिले. असं पूर्वी कधी उभे राहत नव्हते. कुणी चहा दिला, कुणी खुर्ची. माझ्याशी हळू आवाजात बोलतात. एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तसा तो माझ्याकडं आला आणि माझ्या पाया पडला. मी म्हटलं, हे काय रे? म्हणाला, "काही नाही भाऊ, तुमच्यासारखा माणूस नाही."

कशाबद्दल ते विचारावंसं वाटलं नाही. घरी आलो.

२ नोव्हेंबर

शेवटची मुदतवाढ ऑक्टोबरअखेरची होती, तीही संपली. यापुढं नाही म्हणे. आरटीओच्या मैदानावर रांगा लागल्या आहेत. पहिली तारीख कडुबाची, आठ तारखेला.

किल्ल्यावर गर्दी आहे. दारात सीताफळवाल्या बसल्या आहेत. साळूबाईच्या जागेवर दुसऱ्या एका बाईनं टोपली लावली आहे. मी तिच्याकडून घेतली नाहीत.

८ नोव्हेंबर

सकाळी कडुबा साज न्यायला आला. दारात जोडे काढून आत आला, आधी साळूबाईच्या फोटोला हात जोडले. मग लुगडं उचललं, तर मी म्हटलं, थांब.

मी या दिवसाची बरेच दिवस तयारी केली होती. मनातल्या मनात बोलून बघितलं होतं.

म्हटलं, "कडुबा, हे घेऊन जा. आणि परत आणू नको. यावरच गाडी चालव. आई बसते, लेकरं बसतात तुझ्या गाडीत. आणि बाकीच्यांना सांग, आपापले घ्या, साज बंद. मी सांगतोय म्हणून सांग."

तो हसला, त्या नोव्हेंबरात हसला होता तसा. म्हणाला, "भाऊ, परीक्षा घेता व्हय?"

"परीक्षा नाही रे. खरंच सांगतो. माझं चुकलं. मी तुला तेव्हा द्यायला पाहिजे होते. तिलाही..."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा भाऊ. पाणी आणू का? वहिनींची आठवण आली की असं व्हतंय." आणि पाणी आणून दिलं, टायर एकेक करून बाहेर नेले, लाल बाटली नेली, पेटी नेली. मी दारात उभा राहून ओरडलो, "परत आणू नको!" त्यानं हात हलवला.

दिवसभर आतल्या खोलीत त्या रिकाम्या जागेकडं बघत बसलो. फरशीवर चार टायरांचा एक गोल उमटला आहे. बरं वाटत होतं. खरंच, बऱ्याच महिन्यांनी जरा बरं वाटत होतं. सायलीला फोन करून सांगावं असं ठरवलं.

दिवस मावळायच्या आधी गाडीचा आवाज आला.

कडुबा होता. मैदानावरून सरळ आला होता. वाटेत तीन-चार सवाऱ्यांनी हात केला, पण एक भरली नाही, हे त्यानं आल्या आल्या सांगितलं. माझ्या दारातच जॅक लावला, साज उतरवला, आपले जुने टायर चढवले. त्यातल्या एकाचं सूत मला उंबऱ्यातून दिसत होतं. मी म्हटलं, "अरे, मी तुला काय सांगितलं होतं?"

"ऐकलं भाऊ," तो नट आवळत म्हणाला. "पण मारुतीपुढं शपथ घेतलेली हाय. तुम्ही वहिनीसाठी मोडली नाय, मी सवाऱ्यांसाठी मोडू व्हय? सगळा स्टँड हेच बोलतो. उद्यापासून बाकीच्यांच्या तारखा हायेत, त्यांना काय सांगू?"

टायर त्यानं ओल्या फडक्यानं पुसले, आत नेऊन त्याच गोलावर रचले आणि वरून हिरवं लुगडं टाकलं. मग खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर पेढा ठेवला.

"गाडी पास झाली भाऊ," म्हणाला. "तोंड गोड करा."

मी तो पेढा खाल्ला.